दक्षिणेचं आकाश मोजणारा मुलगा : जॉन हर्शल

घरातल्या मराठी कॅलेंडरच्या मागच्या पानावर गुरू-शनीच्या शेजारी 'हर्षल' असं एक नाव छापलेलं असतं. राशिभविष्यावर माझा विश्वास नाही, पण त्या नावामुळे आठवीच्या वर्गात एकदा चांगलीच चर्चा झाली. वर्गात हर्षल नावाचा एक मुलगा होता, म्हणून बाकीच्यांना वाटलं की हे आपल्याकडचंच जुनं नाव आहे. मी सांगितलं की बाळांनो, हा ग्रह म्हणजे पुस्तकातला युरेनस. १३ मार्च १७८१ रोजी विल्यम हर्शल या माणसाने तो शोधला. त्याचंच आडनाव आपल्या पंचांगात जाऊन बसलं आणि आपल्या जिभेवर हर्षल झालं.

विल्यम हर्शलबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. आज लिहायचं आहे ते त्यांच्या मुलाबद्दल. बापाचं अर्धं राहिलेलं काम पुरं करण्यासाठी हा मुलगा बायको-मुलांना घेऊन, स्वतःच्या खर्चाने, समुद्रापलीकडे गेला आणि चार वर्षं रात्री जागला. जे पाहत होता ते नेमकं काय आहे, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. तरी त्याने नोंद चोख ठेवली.

जॉन हर्शल यांचा जन्म ७ मार्च १७९२ चा, लंडनजवळच्या स्लाउ गावचा. वडील जर्मनीतल्या हॅनोव्हरचे. पेशाने ते वाजंत्री होते आणि पुढे इंग्लंडच्या राजाचे खगोलशास्त्रज्ञ झाले. जॉन हे त्यांचं एकुलतं एक मूल, तेही वडिलांच्या वयाच्या चोपन्नाव्या वर्षी झालेलं. अंगणात चाळीस फूट लांबीची दुर्बीण उभी होती आणि ती बघायला लांबून माणसं येत. घरात जवळपास वावरणारी दुसरी महत्त्वाची व्यक्ती म्हणजे फुफी, कॅरोलिन हर्शल. विल्यम दुर्बिणीतून बघून सांगायचे आणि कॅरोलिन खाली बसून लिहून घ्यायच्या. थंडीने दौतीतली शाई गोठावी अशा रात्रीसुद्धा हे काम चालायचं. कॅरोलिन यांनी स्वतःही अनेक धूमकेतू शोधले.

जॉनला ईटनच्या नामांकित शाळेत घातलं होतं. तिथे मोठ्या मुलाकडून मार खाताना आईने पाहिलं आणि त्याला घरी आणलं. पुढचं शिक्षण घरच्या शिक्षकाकडे आणि जवळच्या छोट्या शाळेत झालं. केंब्रिजला गेल्यावर मात्र या मुलाने कमाल केली. १८१३ च्या गणिताच्या परीक्षेत तो विद्यापीठात पहिला आला. त्याआधीच चार्ल्स बॅबेज आणि जॉर्ज पीकॉक या मित्रांना घेऊन त्याने एक मंडळ काढलं होतं. इंग्लंडमध्ये न्यूटनच्या आदरापोटी कलनशास्त्रात न्यूटनचीच ठिपक्यांची चिन्हं वापरत, आणि युरोपातलं गणित त्यामुळे पुढे निघून गेलं होतं. या पोरांनी ठरवलं की आदर आपल्या जागी, पण सोयीची पद्धत आणायचीच. आणि ती आली.

नंतर काही दिवस वकिलीचा अभ्यास झाला, पण त्यात जीव रमला नाही. गणित आणि रसायनशास्त्र यांत मात्र मन लागत होतं. १८१६ साली केंब्रिज सोडायची वेळ आली. वालिद सत्त्याहत्तर वर्षांचे झाले होते, हात थरथरू लागले होते आणि आरसे घासायचं काम त्यांच्याने होत नव्हतं. जॉनना केंब्रिज सोडायचं नव्हतं, मित्रांपासून लांब जाताना त्यांना फार जड गेलं. तरीही ते घरी परतले. खगोलशास्त्र त्यांनी हौसेने निवडलं असं म्हणणं खरं होणार नाही. ते त्यांच्याकडे वारशाने आलं, आणि वारसा म्हटला की कर्जही आलंच.

घरी आल्यावर बापाने मुलाला सगळं शिकवलं. त्या काळी दुर्बिणीचा आरसा काचेचा नसे. तांबं आणि कथील यांचा मिश्रधातू ओतून, महिनोन्‌महिने घासून तो चकचकीत करायचा. आपल्या मोहल्ल्यात भांड्यांना कल्हई लावणारे चाचा ज्यांनी पाहिलेत, त्यांना अंदाज येईल की धातूला चमक आणणं केवढं अंगमेहनतीचं काम आहे, आणि ती चमक किती लवकर उतरते. वडिलांच्या देखरेखीखाली जॉननी सव्वाअठरा इंच व्यासाचा आरसा आणि वीस फूट लांबीची दुर्बीण तयार केली. २५ ऑगस्ट १८२२ रोजी विल्यम यांचं निधन झालं. कॅरोलिन फुफी दुःखाने हॅनोव्हरला परत गेल्या. पण तिथे बसून त्यांनी भाच्यासाठी एक मोठं काम केलं. भावाने शोधलेल्या सगळ्या तेजोमेघांची यादी आकाशातल्या पट्ट्यांप्रमाणे नव्याने मांडून दिली, म्हणजे कुठल्या रात्री कुठे बघायचं हे सरळ समजेल. या कामासाठी १८२८ मध्ये लंडनच्या खगोल संस्थेने त्यांना सुवर्णपदक दिलं.

तेजोमेघ म्हणजे काय, हे इथे सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. दुर्बिणीतून बघताना ताऱ्यांच्या अधेमधे धुरकट ठिपके दिसतात. काचेवर श्वास सोडल्यावर डाग उमटतो ना, तसे. त्यातले काही म्हणजे खरोखर वायूचे ढग, काही ताऱ्यांचे पुंजके, आणि काही आपल्या आकाशगंगेच्या पार बाहेरच्या दुसऱ्या दीर्घिका. आज हे आपण सहज बोलतो. तेव्हा हा फरक कोणालाच माहीत नव्हता.

या ठिपक्यांशी आपलंही जुनं नातं आहे. रय शहरात जन्मलेले आणि शिराझमध्ये काम केलेले अब्दुर्रहमान अल-सूफी यांनी ९६४ च्या सुमारास स्थिर ताऱ्यांवर अरबीत ग्रंथ लिहिला. देवयानी तारकासमूहातल्या छोट्याशा ढगाची नोंद त्यांनी नुसत्या डोळ्यांनी बघून केली होती. तो ढग म्हणजे आज आपण जिला देवयानी दीर्घिका म्हणतो तीच. पण अल-सूफींच्या नजरेलाही एक हद्द होती, आणि ती हद्द जमिनीची होती. शिराझमधून दक्षिणेचे काही तारे उगवतच नाहीत. जुन्या ग्रंथांत आकाशातली नदी जिथे संपते त्या ताऱ्याला आखिर-अन-नहर म्हटलं आहे. पुढे जहाजं दक्षिणेला गेली तेव्हा कळलं की ही नदी तिथे संपत नाही, खाली आणखी एक फार तेजस्वी तारा आहे. मग ते नाव त्या ताऱ्याला दिलं गेलं. आज नकाशात अकामार आणि अकर्नार अशी दोन नावं आहेत, आणि दोन्ही एकाच अरबी नावाची रूपं आहेत. नदीचा शेवट पुढे सरकला, कारण माणूस पुढे सरकला.

हर्शल बाप-लेकांचीही हीच अडचण होती. विल्यम यांनी उत्तरेचं आकाश विंचरून अडीच हजार ठिपके नोंदले होते. जॉननी ते सगळं पुन्हा तपासलं. १८३३ साली त्यांनी २,३०७ तेजोमेघ आणि तारकापुंज यांची यादी छापली. त्यातले ५२५ नवे होते. पण स्लाउमधून आकाशाचा दक्षिणेकडचा मोठा तुकडा कधी क्षितिजावर येतच नाही. तिकडे आधी कोणी पाहिलं नव्हतं असं नाही. लाकाय नावाच्या फ्रेंच पाद्र्याने १७५१-५२ मध्ये लहानशा दुर्बिणीने काम केलं होतं, आणि ऑस्ट्रेलियात डनलॉप यांनी १८२६ च्या सुमारास ६२९ वस्तूंची यादी केली होती. पण उत्तरेच्या मापाने, त्याच ताकदीच्या दुर्बिणीने दक्षिण कोणी पाहिली नव्हती. अर्धं आकाश एका गजाने मोजलेलं आणि उरलेलं अंदाजाने, असा तो हिशोब होता.

१८३२ च्या सुरुवातीला आई गेल्या, आणि मग जॉननी निर्णय घेतला. सरकारी मदत देऊ केली होती, ती त्यांनी घेतली नाही. घरचा पैसा होता, तो खर्च केला. १३ नोव्हेंबर १८३३ रोजी पत्नी मार्गारेट, तीन लहान मुलं, जॉन स्टोन नावाचा कारागीर आणि सुटी केलेली दुर्बीण घेऊन ते पोर्ट्समथहून निघाले. जहाजाचं नाव होतं 'माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन'. होय, तेच एल्फिन्स्टन. पेशवाईच्या शेवटी पुण्यात असलेले, नंतर मुंबईचे गव्हर्नर झालेले, आणि मुंबईतल्या जुन्या कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते. दोन महिन्यांनी, जानेवारी १८३४ मध्ये, जहाज आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला केप टाउनला पोचलं.

शहराबाहेर टेबल माउंटनच्या पायथ्याशी फेल्डहाउझन नावाची जागा त्यांनी घेतली, फळबागेत दुर्बीण उभी केली आणि मार्चपासून काम सुरू झालं. दुर्बीण दक्षिणोत्तर रेषेवर धरायची. स्टोन दांडा फिरवून तिचं तोंड थोडं वर, थोडं खाली करत राहणार. पृथ्वी फिरते तसं आकाश आपोआप समोरून सरकत जाणार. हर्शल वर चौकटीवर, नळीच्या तोंडाशी उभे राहून खाली आरशाकडे बघत. म्हणजे ज्या ताऱ्याकडे बघायचं त्याच्याकडे पाठच असे. ठिपका दिसला की वेळ, जागा, आकार, उजेड कुठे दाटतो, सगळं लगेच टिपायचं. चुकला तर पुन्हा दुसऱ्या रात्री. आरसे तीन आणले होते, कारण केपच्या हवेत ते काळवंडत आणि पुन्हा घासावे लागत. तेव्हा ज्याला घासता येतं असाच माणूस तिथे टिकला असता.

त्या चार वर्षांत त्यांनी दक्षिणेतले सुमारे १,७०० तेजोमेघ व पुंज आणि २,१०२ जोडतारे नोंदले. डनलॉपच्या ६२९ पैकी त्यांना फक्त २११ सापडले, बाकीच्यांचा पत्ता लागला नाही. नोंद ढिली असली की पुढच्या माणसाची किती शोधाशोध होते, हे त्यांनी स्वतः भोगलं. म्हणूनच असेल, त्यांनी ताऱ्यांचं शिरगणतीसारखं कामही केलं. २,२९९ ठिकाणी दुर्बीण लावून ६८,९४८ तारे एक-एक करून मोजले. मोठ्या मॅगेलन मेघातच ९१९ वस्तू लिहिल्या. डिसेंबर १८३७ मध्ये ईटा कॅरिनी हा तारा अचानक भडकलेला त्यांना दिसला. ऑक्टोबर १८३५ मध्ये हॅलेचा धूमकेतू आला, त्याचाही त्यांनी महिनोन्‌महिने पाठलाग केला. तरुण चार्ल्स डार्विन जगप्रवासातून परतताना १८३६ मध्ये त्यांना भेटून गेला.

दिवसा झोप काढावी तर तेही नाही. नवरा-बायको मिळून रानफुलांची चित्रं काढत. हर्शल उपकरणाने रेषा आखून देत आणि मार्गारेट रंग भरत. अशी शंभरावर चित्रं आहेत. घरात आणखी तीन मुलं जन्मली. आणि एक काम असं, ज्याबद्दल शिक्षक म्हणून मला जास्त आपुलकी वाटते. केपमधल्या शाळांची दुरवस्था बघून त्यांनी सरकारला शिफारशी केल्या. १८३९ मध्ये तिथे नवी सरकारी शाळांची पद्धत सुरू झाली, त्यात या शिफारशींचा मोठा वाटा होता.

ते केप कसं होतं तेही ध्यानात घ्या. डचांनी इंडोनेशिया, हिंदुस्थान, मादागास्कर, पूर्व आफ्रिका इथून माणसं गुलाम करून आणली होती. त्यातल्या मुसलमानांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस डॉर्प स्ट्रीटवर पहिली मशीद उभी केली होती. ती ऑवल मशीद आजही आहे. १ डिसेंबर १८३४ रोजी गुलामगिरी कायद्याने संपली, तेव्हा हर्शल तिथेच होते. कायदा झाला तरी त्या माणसांना आणखी चार वर्षं उमेदवारीच्या नावाखाली जुन्या मालकाकडेच राबावं लागलं. एका बागेत एक माणूस रात्रभर आकाशगंगेचे तारे मोजतोय आणि आसपासच्या घरांत लोक आपल्या सुटकेचे दिवस मोजताहेत. हर्शल यांचं चरित्र लिहिणारे बरेच जण ही दुसरी मोजणी विसरतात.

याच काळात अमेरिकेत एक मजेदार, खरं तर संतापजनक प्रकार घडला. ऑगस्ट १८३५ मध्ये न्यूयॉर्कच्या 'सन' या वर्तमानपत्राने लेखमाला छापली की हर्शल यांना केपच्या दुर्बिणीतून चंद्रावर जंगलं, जनावरं आणि वटवाघळासारखे पंख असलेली माणसं दिसली. लोकांनी विश्वास ठेवला, अंक हातोहात खपले. सगळं खोटं होतं. हर्शल यांना महिन्यांनंतर कळलं. आधी ते हसले, पण चौकशीची पत्रं येतच राहिली तेव्हा वैतागले. आपल्या फॅमिली ग्रुपवर दर आठवड्याला जे फॉरवर्ड येतं, त्याचे पूर्वज इतके जुने आहेत.

आता एका ठिपक्याची गोष्ट सांगतो. डोराडो नावाचा एक तारकासमूह आहे, सुहैल आणि अकर्नार यांच्या मधल्या भागात. सुहैल म्हणजे आपला अगस्ती. तिथे हर्शल यांना दोन गोलसर ठिपके जवळ-जवळ सापडले. आज त्यांचे क्रमांक एनजीसी १५४९ आणि एनजीसी १५५३. त्यातला १५५३ ही भिंगाकार दीर्घिका आहे. भिंगाला उर्दूच्या पुस्तकात अदसा म्हणतात. अरबीत अदस म्हणजे मसूर. लॅटिनमध्येही लेन्स म्हणजे मसूरच. दोन्ही भाषांत भिंगाला डाळीचंच नाव मिळालं, आणि ही दीर्घिकाही कडेने पाहिली तर मसुराच्या दाण्यासारखी, मधे फुगीर आणि कडेला चपटी. आपल्या आकाशगंगेला सर्पिल भुजा आहेत, हिला नाहीत. वायूचा साठा बहुतेक संपलेला, त्यामुळे नवे तारे फारच थोडे जन्मतात. जुन्या ताऱ्यांचा शांत पिवळसर उजेड तेवढा उरला आहे. शेजारच्या १५४९ शी तिची गुरुत्वाकर्षणाची ओढाताण चालू आहे. अंतर सुमारे सहा कोटी प्रकाशवर्षं. म्हणजे त्या रात्री फेल्डहाउझनच्या आरशावर पडलेला उजेड निघाला तेव्हा पृथ्वीवर माणूस नावाची चीजच नव्हती.

यातलं काहीही हर्शल यांना माहीत नव्हतं. त्यांच्या दृष्टीने तो आणखी एक तेजोमेघ. विल्यम यांनी एके काळी म्हटलं होतं की हे ताऱ्यांचे दूरचे समूह असावेत, पुढे स्वतःच मत बदलून काहींना चमकत्या द्रवाचे ढग ठरवलं होतं. बापाचंच मत दोनदा फिरलेलं, तेव्हा मुलाने काय करावं? जॉननी जास्त जोर दिला तो नोंदीवर. प्रश्न सुटायला १९२० चं दशक उजाडावं लागलं, तेव्हा एडविन हबल यांनी अंतरं मोजून दाखवलं की या बाहेरच्या दीर्घिका आहेत.

मार्च १८३८ मध्ये हर्शल परत निघाले. इंग्लंडमध्ये मोठा सत्कार झाला, राणी व्हिक्टोरियाच्या राज्याभिषेकाच्या वेळी बॅरोनेट ही पदवी मिळाली. पण खरं काम उरलं होतं. नोंदींचं गणित त्यांनी एकट्याने केलं, त्याला नऊ वर्षं लागली. मधे छायाचित्रणाने त्यांचं बरंच लक्ष वेधून घेतलं. १८१९ सालीच त्यांनी शोधून ठेवलं होतं की हायपो नावाचं रसायन चांदीचे क्षार विरघळवतं. १८३९ मध्ये ते फोटो पक्का करायला उपयोगी पडलं, आणि त्यांनी ही युक्ती लपवून न ठेवता सगळ्यांना सांगितली. फोटो स्टुडिओतला 'निगेटिव्ह' हा शब्द त्यांनीच रूढ केला. घराच्या नकाशाला आपण ब्लूप्रिंट म्हणतो, तीही त्यांच्या १८४२ च्या निळ्या छपाईच्या पद्धतीतून आली.

केपचा ग्रंथ १८४७ मध्ये निघाला. त्याची प्रत हॅनोव्हरला कॅरोलिन फुफींच्या हातात पडली तेव्हा त्या सत्त्याण्णव वर्षांच्या होत्या. भावासोबत त्यांनी सुरू केलेली आकाशाची झडती आता दोन्ही बाजूंनी पुरी झाली होती. जानेवारी १८४८ मध्ये त्यांचा इंतकाल झाला.

त्यानंतरची काही वर्षं चांगली गेली नाहीत. १८५० मध्ये हर्शल यांना टांकसाळीचं प्रमुखपद मिळालं, जे एके काळी न्यूटनकडे होतं. मान मोठा, पण कुटुंब केंटच्या गावी आणि हे लंडनमध्ये एकटे, त्यात कारकुनी भांडणं. तब्येत आणि मन दोन्ही ढासळलं, १८५५ मध्ये ते पद सोडून घरी आले. माझ्या मते ही पाच वर्षं वायाच गेली. घरी आल्यावर म्हातारपणी त्यांनी बाप, मुलगा आणि इतर सगळ्यांच्या नोंदी एकत्र करून ५,०७९ वस्तूंची यादी १८६४ मध्ये छापली. तीच वाढवून ड्रायर यांनी १८८८ मध्ये ७,८४० वस्तूंची नवी यादी केली. एनजीसी म्हणतात ती हीच.

त्यांच्या बारा मुलांपैकी दोघांचा आपल्या देशाशी संबंध आला. थोरला विल्यम जेम्स, जो तान्हा असताना त्या जहाजात होता, तो बंगालमध्ये अधिकारी झाला. १८५८ मध्ये एका ठेकेदाराच्या करारावर त्याने हाताचा ठसा घेतला. बोटांच्या ठशांवरून ओळख पटवण्याच्या पद्धतीची ती एक सुरुवात. आधार केंद्रात अंगठा लावताना कुणाला हे आठवत नसेल. दुसरा जॉन, केपमध्येच १८३७ साली जन्मलेला, हिंदुस्थानच्या मोजणी खात्यात होता. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला तो जमखंडीला, म्हणजे पटवर्धनांच्या संस्थानात, वर्णपटमापक घेऊन बसला. आभाळ भरलेलं होतं. ढग मधेच फाटले तेवढ्या थोडक्या वेळात त्याने सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांच्या तेजस्वी रेषा पाहिल्या, आणि त्या ज्वाळा तापलेल्या वायूच्या आहेत हे त्या दिवसाच्या निरीक्षणांतून ठरलं.

११ मे १८७१ रोजी जॉन हर्शल गेले. त्यांना वेस्टमिन्स्टर ॲबीत न्यूटनजवळ पुरलं.

केपमध्ये दुर्बीण जिथे उभी होती तिथे एक दगडी स्तंभ आहे. आता त्याच्याभोवती एक प्राथमिक शाळा आहे. आणि आपल्या कोकणातून बघायचं असेल तर जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात इशानंतर, समुद्रकिनारी अंधाऱ्या जागी, तोंड दक्षिणेला करून उभे राहा. डावीकडे, आग्नेयेला सुहैल चमकत असेल. त्याच्या उजवीकडे, क्षितिजापासून जेमतेम पंधरा अंश वर, डोराडोचा भाग येतो. १५५३ नुसत्या डोळ्यांनी दिसणार नाही, त्याला सहा-आठ इंची दुर्बीण आणि स्वच्छ हवा लागते. स्लाउच्या अंगणातून विल्यम हर्शलना चाळीस फुटी दुर्बिणीनेही तो दिसला नसता.